पॉलिश करूनही टाकीवरचे बारीक ओरखडे पुन्हा पुन्हा का दिसतात : कारणे, निदान आणि कायमचा उपाय

काळ्या, गडद निळ्या किंवा मरून रंगाची मोटारसायकल उन्हात उभी केली, की टाकीवर पडलेल्या सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, गोलाकार ओरखडे दिसू लागतात. पॉलिश लावल्यावर ते नाहीसे होतात, टाकी नव्यासारखी दिसते, आणि दोन-तीन वेळा गाडी धुतली की तेच ओरखडे पूर्वीइतक्याच ठळकपणे परत येतात. मग पुन्हा पॉलिश, त्यानेही भागले नाही तर रबिंग कंपाउंड (पॉलिशपेक्षा खरखरीत, घासून थर काढणारी पेस्ट), असा क्रम वर्षानुवर्षे चालू राहतो, आणि प्रत्येक फेरीत रंगावरचा संरक्षक थर थोडा थोडा कमी होत जातो. हा क्रम थांबवता येतो. त्यासाठी अधिक चांगल्या पॉलिशची गरज नसून, टाकीला फडके लावण्याची आपली रीत बदलण्याची गरज असते, हे या लेखाचे म्हणणे आहे.

ओरखडे नेमके कुठे असतात

बहुतेक आधुनिक मोटारसायकलींच्या टाकीवर आधी प्राइमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक लॅकरचा थर असतो. हा वरचा थर साधारणपणे 30 ते 50 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. आपल्याला दिसणारे बारीक ओरखडे याच थराच्या वरच्या काही मायक्रॉनमध्ये असतात, खालच्या रंगाला ते पोहोचलेले नसतात. गडद रंगावर ते जास्त दिसतात, कारण ओरखड्याच्या काठावरून परावर्तित झालेला प्रकाश काळ्या पार्श्वभूमीवर चटकन उठून दिसतो. पांढऱ्या किंवा चंदेरी टाकीवरही ते तितकेच असू शकतात, पण नजरेला पडत नाहीत.

ते गोलाकार का दिसतात, याबद्दल मोठा गैरसमज आहे. फडके गोल गोल फिरवल्यामुळे गोल ओरखडे पडतात, असे सर्रास मानले जाते आणि त्यामुळे अनेक जण सरळ रेषेत पुसायला सुरुवात करून निश्चिंत होतात. वास्तविक टाकीवर सर्व दिशांना पसरलेले असंख्य सरळ ओरखडे असतात, आणि प्रकाशाच्या ठिपक्याभोवती ज्या ओरखड्यांची दिशा त्या ठिपक्याच्या संदर्भात आडवी येते तेवढेच चमकतात. त्यामुळे डोळ्याला वर्तुळे भासतात. याचा पडताळा सोपा आहे : टॉर्च हलवला की वर्तुळांचे केंद्रही त्याच्याबरोबर सरकते. म्हणजेच हात कोणत्या दिशेने फिरला यापेक्षा हाताखाली काय होते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

आधी निदान, मग पॉलिश

ओरखडे परत येण्यामागे दोन वेगवेगळी कारणे असतात. एक तर ते मुळात गेलेलेच नसतात, पॉलिशमधील तेल, मेण किंवा भरण द्रव्यांनी ते तात्पुरते बुजवलेले असतात आणि शाम्पूने ते भरण धुऊन निघते. किंवा ते खरोखर गेलेले असतात, परंतु पुढच्या धुण्यात तितकेच नवे पडतात. यांतले आपल्या गाडीला कोणते लागू आहे हे ठरवल्याशिवाय पुढची कोणतीही खरेदी करू नये.

एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चार भाग डिस्टिल्ड वॉटर असे मिश्रण फवाऱ्याच्या बाटलीत करावे. पॉलिश केल्यानंतर लगेच, टाकी थंड असताना, तळहाताएवढ्या जागेवर ते फवारून स्वच्छ मायक्रोफायबरने हलकेच पुसावे आणि अंधाऱ्या जागी टॉर्चच्या उजेडात पाहावे. ओरखडे तत्काळ पुन्हा दिसू लागले, तर पॉलिशने ते फक्त झाकले होते. पृष्ठभाग स्वच्छच राहिला, पण दोन धुण्यांनंतर ओरखडे आले, तर ते नवे आहेत. बहुतेक गाड्यांवर दोन्ही कारणे एकत्र सापडतात. हे मिश्रण नुकत्याच रंगवलेल्या भागावर वापरू नये, आणि विंडस्क्रीनवर किंवा हेल्मेटच्या काचेवर तर मुळीच नको, कारण त्या प्लास्टिकला अल्कोहोलने सूक्ष्म तडे जाऊ शकतात.

ओरखड्यावरून नख हलकेच फिरवून पाहावे. नख अडकले, तर तो चरा खोल आहे आणि घरच्या पॉलिशने तो जाणार नाही. तो घालवण्याच्या हट्टापायी आजूबाजूचा चांगला लॅकर घासला जातो. जागा ओली केल्यावर ओरखडा दिसेनासा झाला आणि वाळल्यावर परतला, तर तो वरवरचा आहे असे सामान्यतः मानता येते, कारण पाण्याने त्याची पोकळी भरून निघालेली असते.

ओरखडे कुठे आहेत, हेही पुष्कळ सांगून जाते, आणि मोटारसायकलच्या बाबतीत तर चारचाकीपेक्षा जास्त. टाकीच्या दोन्ही बाजूंना, गुडघे टेकतात तिथे धूसर पट्टा असेल, तर धुण्याचा दोष नसून पँटच्या कापडात अडकलेल्या धुळीचे घर्षण हे कारण आहे. टाकीच्या मागच्या टोकाला, सीटला लागून छोटे, तिरपे चरे असतील, तर ते पट्ट्याच्या बकलाचे किंवा जॅकेटच्या चेनचे असतात. सीटच्या मागच्या पॅनेलवर लांब ओरखडा असेल, तर गाडीवर बसताना पाय सीटवरून पलीकडे नेताना बूट तिथे घासतो आहे. इग्निशनच्या चावीला जड जुडगा लटकवलेला असेल, तर त्याच्या पल्ल्यातल्या भागावर ठिपक्यांसारख्या खुणा सापडतील. केवळ टाकीच्या वरच्या, आडव्या भागावर सर्व दिशांचे ओरखडे असतील, तर संशय धूळ पुसण्याच्या फडक्यावर किंवा गाडीवर घातलेल्या कव्हरवर घ्यावा.

खरे कारण बहुधा कोरडे फडके

धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे वाळूचेच अतिसूक्ष्म कण असतात. खनिजांची कठीणता 1 ते 10 अशी मोजणाऱ्या मोहस् मापनश्रेणीवर क्वार्ट्झची कठीणता 7 आहे आणि कोणताही लॅकर त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. टाकीवर स्वस्थ बसलेली कोरडी धूळ रंगाला फारसे काही करत नाही; ती दाबाखाली सरकली, की ओरखडा पडतो. निघण्यापूर्वी कोरड्या फडक्याने गाडी झटपट पुसून घेण्याची सवय अनेकांना असते, आणि गाडीवरच्या प्रेमापोटीच ती लागलेली असते. तरीही माझ्या मते घरच्या घरी रंगाचे जे नुकसान होते त्यातले सर्वाधिक याच सवयीने होते. सीटखाली कोंबून ठेवलेले फडके तर टाकीला लावूच नये, कारण मागच्या प्रत्येक पुसण्यातली धूळ त्यात साठलेली असते. तेच फडके ओले केले म्हणून निर्धोक होत नाही.

दोन धुण्यांच्या मध्ये धूळ पुसायचीच असेल, तर ती अगदी विरळ असल्याची खात्री करावी, क्विक डिटेलरसारखा निसरडेपणा देणारा द्रव भरपूर फवारावा, काही क्षण थांबावे आणि स्वच्छ मायक्रोफायबर स्वतःच्या वजनानेच सरकू द्यावे. हाताचा दाब देऊ नये आणि प्रत्येक पट्ट्यानंतर कापडाची बाजू बदलावी. धूळ दाट असेल किंवा चिखलाचे शिंतोडे असतील, तर धुण्याची वेळ येईपर्यंत ती तशीच राहू देणे हेच रंगाच्या हिताचे आहे.

कव्हरबद्दलही हाच नियम आहे. स्वच्छ गाडीवर, वारा नसलेल्या जागी घातलेले मऊ अस्तराचे कव्हर उपयोगी पडते; धुळकट गाडीवर घातलेले आणि वाऱ्याने फडफडणारे कव्हर मात्र दिवसभर टाकी घासत राहते.

धुण्याची रीत

गाडी सावलीत असावी आणि इंजिन पूर्ण गार झालेले असावे. टाकी इंजिनच्या वरच असल्याने ती बराच वेळ कोमट राहते, आणि कोमट पत्र्यावर शाम्पू व पाणी वाळून डाग धरतात. सुरुवातीला फक्त पाणी सोडावे, हात लावू नये. जितकी माती पाण्यानेच निघून जाईल तितकी कापडाखाली कमी येईल, म्हणून या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. प्रेशर वॉशर वापरत असल्यास नोझल लांब ठेवावे आणि चाकांच्या बेअरिंग, फोर्कचे सील, चेन, रेडिएटरच्या पातळ पट्ट्या व विजेची जोडणी यांवर थेट धार मारू नये.

त्यानंतर शाम्पूचा फेस सर्व भागावर पसरून तो वाळण्यापूर्वी काही मिनिटे मुरू द्यावा आणि धुऊन काढावा. शाम्पू वाहनांसाठीचा, उदासीन पीएच असलेला घ्यावा. भांड्यांचा साबण तेलकटपणा काढण्यासाठीच केलेला असल्यामुळे तो आधी लावलेले मेणही घेऊन जातो. आता दोन बादल्या घ्याव्यात, एकीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून एक भाग धुवावा, लगेच साध्या पाण्यात तो खळखळून धुवावा आणि मगच पुन्हा शाम्पूत घालावा. बादलीच्या तळाशी जाळी ठेवली, तर खाली बसलेली माती पुन्हा वर येत नाही. आधी टाकी, मग पॅनेल आणि मडगार्डचा वरचा भाग, असे वरून खाली यावे. चाके, चेन, स्विंगआर्म आणि इंजिनचा खालचा भाग यांसाठी वेगळे कापड आणि वेगळी बादली ठेवावी, कारण ब्रेकच्या पॅडची भुकटी आणि चेनच्या वंगणात मिसळलेली वाळू टाकीपर्यंत पोहोचणे ही सर्वांत वाईट गोष्ट आहे. कापड जमिनीवर पडले, तर ते त्या दिवसापुरते बाजूला ठेवावे.

टाकी वाळवताना पुसू नये, टिपावे. मोठ्या, दाट लवेच्या मायक्रोफायबरची घडी टाकीवर पसरावी, वरून हलकेच दाबावी आणि उचलावी. पेट्रोलच्या झाकणाभोवती, बोधचिन्हाच्या कडांत, आरशांच्या दांड्यांत आणि स्विचच्या खाचांत पाणी लपून बसते आणि गाडी हलवली की ओघळते; साधा एअर ब्लोअर असल्यास ते आधी तिथून उडवून लावावे. हे काम संपल्यावर गाडी सावकाश थोडी चालवून ब्रेक कोरडे करून घ्यावेत.

मायक्रोफायबरची निगा हा वेगळाच विषय आहे, पण इथे तो टाळता येत नाही. सुती कपड्यांबरोबर धुतल्यास त्यांचे तंतू त्यात अडकतात, फॅब्रिक सॉफ्टनरने त्याच्या तंतूंवर थर बसून त्याची पाणी शोषण्याची क्षमता घटते, आणि फार उष्णतेने तंतू वितळून खरखरीत होतात. कापडाला शिवलेला लेबलाचा कडक तुकडा वापरापूर्वीच उसवून टाकावा. गाल किंवा ओठावरून फिरवल्यावर जे कापड बोचते ते टाकीवर जाऊ नये.

असलेले ओरखडे काढताना

धुण्याची रीत सुधारल्यानंतरच हे काम हाती घ्यावे, अन्यथा लॅकर वाया जातो. तो परत भरून येत नाही, आणि ऊन अडवण्याचे कामही तोच करतो. म्हणून सर्वांत सौम्य उपायापासून सुरुवात करून, तो अपुरा पडल्याचे दिसल्यावरच पुढची पायरी गाठावी.

धुतलेल्या टाकीवर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बोटे फिरवावीत. खरखर लागली, तर लॅकरमध्ये कण रुतलेले आहेत आणि ते क्ले बारने (रुतलेले कण ओढून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने), भरपूर निसरड्या द्रवासह काढावे लागतात. क्ले स्वतःही पुसट खुणा सोडू शकतो, त्यामुळे त्यानंतर पॉलिश करायचे नसेल तर क्लेच्या वाटेला न गेलेले बरे. क्ले खाली पडला, तर तो फेकून द्यावा.

टाकीच्या ठळक धारा, पॅनेलच्या कडा आणि लॅकरच्या वर चिकटवलेल्या स्टिकरच्या कडा मास्किंग टेपने झाकाव्यात. धारांवर लॅकर मुळातच पातळ बसलेला असतो आणि दाबही तिथेच एकवटतो, त्यामुळे रंग उघडा पडण्याच्या घटना बहुतेक तिथेच घडतात. मग सौम्य फिनिशिंग पॉलिशचे वाटाण्याएवढे दोन-तीन थेंब फोमच्या ॲप्लिकेटरवर घेऊन तळहाताएवढ्या जागेवर मध्यम दाबाने, एकमेकांवर थोडे येणाऱ्या पट्ट्यांत काम करावे. पुसून, अल्कोहोलच्या मिश्रणाने साफ करून, टॉर्चखाली पाहावे. कापडावर गाडीचाच रंग आला, तर तिथे क्लिअर कोट नाही किंवा संपलेला आहे असे समजून काम थांबवावे आणि जाणकाराला दाखवावे. साध्या, मेटॅलिक नसलेल्या काही जुन्या रंगांवर क्लिअर कोट नसतोच, आणि तिथे थोडा रंग येणे स्वाभाविक असते.

हाताने पुरेसा फरक पडत नसेल, तर सुमारे 75 मिलिमीटरच्या पॅडचे ड्युअल ॲक्शन पॉलिशर (ज्याचे पॅड फिरता फिरता केंद्रापासून इकडेतिकडेही हलते) मोटारसायकलच्या वळणदार भागांना सोयीचे असते. एकाच अक्षाभोवती वेगाने फिरणारे रोटरी यंत्र नवख्याने टाकीवर लावू नये. प्लास्टिकच्या पॅनेलवर तर अधिकच जपावे लागते, कारण धातूची टाकी उष्णता पसरवून टाकते आणि प्लास्टिक ती एका जागी धरून ठेवते.

सर्व ओरखडे शंभर टक्के गेलेच पाहिजेत, हा आग्रह सोडावा. सौम्य पॉलिशच्या दोन फेऱ्यांनंतर जे उरतात ते तसेच ठेवून टाकी सुंदर दिसते, आणि लॅकर पुढच्या वर्षांसाठी शिल्लक राहतो.

मॅट रंगाला यांतले काहीही लागू नाही. त्याच्या पृष्ठभागाचा सूक्ष्म खडबडीतपणा हेच त्याचे रूप असल्याने, पॉलिश केलेली जागा कायमची चकचकीत होते आणि ती पूर्ववत करता येत नाही.

पाण्याचे डाग वेगळे ओळखावेत

ओरखड्यांच्या जोडीने गोल, पांढुरके ठिपके दिसत असतील, तर ते जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांचे असतात. पॉलिशने ते घासत बसण्यापेक्षा पांढरे व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात घेऊन, त्यात भिजवलेले कापड मिनिटभर डागावर ठेवावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. उघड्या ॲल्युमिनियमवर, क्रोमवर किंवा चेनवर ते जाऊ देऊ नये. डाग गेला पण त्या जागी खळगा राहिला, तर क्षारांनी लॅकर कोरला आहे आणि मग पॉलिशखेरीज मार्ग नाही.

संरक्षण : कोठे काय

कार्नोबा मेण सुरेख चमक देते पण काही आठवड्यांत विरते. कृत्रिम सीलंट त्याहून जास्त, काही महिने टिकते. सिरॅमिक कोटिंग आणखी टिकाऊ असते, त्यावर पाणी आणि मळ थांबत नाही आणि धुणे सोपे होते. मात्र त्याच्या वेष्टनावरचा 9एच हा आकडा पेन्सिलच्या शिशाच्या कठीणतेच्या श्रेणीतला आहे, मोहस् श्रेणीतला नाही. हा थर अत्यंत पातळ असतो आणि वाळूच्या कणापुढे तो टिकत नाही. सिरॅमिक केले म्हणून कोरड्या फडक्याची सवय परत आली, तर ओरखडेही परत येतात.

जिथे घर्षण अटळ आहे, म्हणजे गुडघ्यांची जागा, टाकीचे मागचे टोक आणि मागचे पॅनेल, तिथे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म हाच खरा उपाय आहे. ती सहसा 150 ते 200 मायक्रॉन जाडीची, म्हणजे लॅकरच्या कितीतरी पट जाड असते, आणि चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाच्या उष्णतेने आपोआप मिटतात. गुडघ्यांसाठी रबरी टँक ग्रिपही चालतात, पण चिकटवण्यापूर्वी खालची जागा निर्मळ नसेल, तर अडकलेली वाळू तिथेच रंग कुरतडत राहते. उरलेल्या टाकीला सीलंट पुरेसे आहे, असे माझे मत आहे.

पेट्रोल सांडल्यास ते पुसत न बसता लगेच पाण्याने धुऊन टाकावे. पक्ष्यांची विष्ठा वाळली असल्यास ओला टिश्यू काही मिनिटे त्यावर ठेवून ती मऊ करावी आणि उचलून घ्यावी; खरवडल्यास तिच्यातले कण ओरखडे पाडतात, आणि उन्हात तशीच ठेवल्यास लॅकरवर कायमची खूण उमटते. मेण, पॉलिश किंवा सिलिकॉनचा फवारा ब्रेक डिस्क, टायर, सीट आणि फूटरेस्ट यांवर कधीही जाऊ देऊ नये, कारण तिथे चमकेपेक्षा पकड महत्त्वाची आहे आणि ती गेल्यास जीवावर बेतते.

पुन्हा ओरखडे आलेच तर

दुरुस्ती झाल्यावर टाकीच्या वरच्या भागावर तळहाताएवढी एक जागा निवडावी आणि तिथे नवे पॉलिश मुळीच लावू नये. प्रत्येक धुण्याच्या आधी क्विक डिटेलरने ती जपून साफ करून आणि धुऊन वाळल्यानंतर पुन्हा एकदा, टॉर्च एकाच अंतरावर धरून ती पाहावी, शक्य असल्यास फोटो काढून ठेवावा. धुण्याआधी स्वच्छ असलेल्या जागेवर धुतल्यानंतर नवे ओरखडे दिसले, तर हातमोजा, बादली किंवा टिपण्याचे कापड यांपैकी एक बदलावे, एका वेळी एकच, म्हणजे दोष कोणाचा ते कळेल. धुतल्यानंतर जागा स्वच्छ असून पुढच्या धुण्याआधीच ओरखडे आले, तर कव्हर, टँक बॅग (टाकीवर बसवायची पिशवी) आणि मधल्या काळातले पुसणे हे तपासावे. यात टँक बॅगेकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तिच्या चुंबकांच्या किंवा रबरी तळाखाली साठलेली धूळ वरून दिसत नाही.